तोंडी लावायचा मका

मक्याचा इतिहास सांगताना जहाजं येतात, दर्यावर्दी येतात, व्यापारी येतात. पण परदेशातून आलेलं हे कणीस आपल्याकडे पहिल्यांदा चुलीवर कोणी चढवलं आणि चढवण्याआधी ते खायचं की नाही हे कोणी ठरवलं, ते कोणी सांगत नाही. जैन घरात तर हा प्रश्न मोठाच. आपल्याकडे जिन्नस नवा असो की जुना, त्याची चौकशी झाल्याशिवाय तो पातेल्यात पडत नाही. मग मक्याची चौकशी कोणी केली? माझ्या मते घरातल्या बायकांनी केली, आणि अजूनही रोज करतात.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी लोकांनी एका रानगवतापासून तो घडवला. त्या गवताचं कणीस बोटाएवढं, त्यात पाच-दहा टणक दाणे. पिढ्यानपिढ्या चांगले दाणे निवडून ठेवत, पेरत गेले, तेव्हा कुठे आजचं भरलेलं कणीस तयार झालं. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांवर पोचला आणि त्यानंतर मका युरोपात गेला. आपल्या देशात तो पोर्तुगीजांच्या व्यापारातून आला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याची नावं पाहिली तर गंमत वाटते. इटलीत त्याला 'तुर्की धान्य' म्हणतात, तुर्कस्तानात 'मिसर', म्हणजे इजिप्तचा, आणि इंग्रज म्हणायचे 'इंडियन कॉर्न'. हा पाहुणा शेजाऱ्याकडून आला, एवढंच जो तो सांगत होता.

या प्रवासात बी आलं, पण रीत मागे राहिली. मेक्सिकोतल्या बायका मका तसाच दळत नसत. चुन्याच्या पाण्यात तो उकळायचा, रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा आणि त्याच्या पोळ्या भाजायच्या. चुन्यामुळे साल सुटते आणि दाण्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी बी नेलं, पण ही बायकांची रीत नेली नाही. मग जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगू लागली तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, शेवटी वेड लागायचं. स्पेनमध्ये १७३५ साली कासाल या वैद्याने तो प्रथम नोंदवला. पुढे उत्तर इटली आणि अमेरिकेचा दक्षिण भाग यांनीही तो भोगला. अमेरिकेत १९१४ पासून डॉ. गोल्डबर्गर यांनी शोध घेतला, तेव्हा हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे सिद्ध झालं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या 'उगाचच्या' वाटणाऱ्या कटकटीत काय दडलेलं असतं, ते या एका उदाहरणावरून कळतं.

आता आपल्या घरात येऊ. अमेरिकेतून आपल्याकडे आलेल्या जिनसांतले पाच घ्या: मका, मिरची, टोमॅटो, शेंगदाणा आणि बटाटा. यातले चार बहुतेक जैन घरांत शिरले, बटाटा मात्र अनेक घरांच्या दाराशीच थांबला. परदेशी असणं हा आक्षेप असता तर पाचही बाहेर राहिले असते. म्हणजे कसोटी वेगळी होती. बटाटा कंद आहे, त्यात अनंत जीव मानलेले आहेत. शेंगदाणा जमिनीखाली वाढतो, पण तो कंद नाही, शेंगेतलं बी आहे, आणि वाळतो. मका तर उघड्यावर, ताटावर येणारं धान्य.

हे सारं कुठल्या ग्रंथात लिहिलेलं होतं? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मुळा आणि ओलं आलं सोडायला सांगितलं आहे. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात वड, पिंपळ, उंबर अशी पाच फळं वर्ज्य आहेत, कारण त्यांच्या पोटात जीव असतात. पण हे ग्रंथ लिहिले गेले तेव्हा मका समुद्रापलीकडे होता. त्याचं नाव त्यांत येणार कसं? ग्रंथांनी नियम दिला, आणि नव्या जिनसाला तो लावून पाहायचं काम घरात झालं. उंबर फोडला की आत जीव दिसतात, ते काढून फळ साफ करता येत नाही. कणसात अळी असली तर सोलल्यावर दिसते, तिला बाजूला करता येतं आणि उरलेले दाणे स्वच्छ राहतात. हा फरक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कणसं सोलायला बसत होत्या त्या बायकाच.

आमच्या सावरगावात मका पोटभरीचा नाही, तोंडी लावायचा आहे. त्यालाही कारण आहे. छिंदवाड्याहून नागपूरच्या वाटेने सिल्लेवानीचा घाट उतरला की जमीन बदलते, भाषा बदलते आणि ताटही बदलतं. घाटावर, तामियाकडे, पातालकोटच्या भारिया लोकांत मक्याची भाकर आणि पेज हे जेवण आहे. खाली सौंसर-पांढुर्ण्याकडे कपाशी, ज्वारी, तूर आणि संत्री. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशातच राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पण ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि कडेला चमचा-दोन चमचे मका, हे ताट काही बदललं नाही. कणसाला आम्ही मात्र हिंदीतल्यासारखं भुट्टाच म्हणतो.

जैन घरात मक्याचं पीठ फारसं का रुजलं नाही, त्याचंही एक कारण मला दिसतं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. मक्याच्या दाण्यात तेल असतं, त्यामुळे त्याचं पीठ लवकर खवट होतं. त्यापेक्षा ओलं कणीस आणावं, त्याच दिवशी शोधावं, शिजवावं आणि दिवस मावळायच्या आत संपवावं, हे सोयीचं.

आता भाजी. कणसं दुधावर आलेली घ्यावीत, नख लावलं की पांढरा थेंब यायला हवा. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं, म्हणून शिळ्या कणसाला गोडी नसते. आमच्या सासूबाई सांगायच्या, "भुट्टा उजेडात सोलजो बाई. आधी डोळ्यानं पाय, मंग कढईत टाक." पानं एकेक करून काढायची, केस पूर्ण झटकायचे, शेंड्याकडून दाणे तपासायचे, कारण अळी बहुधा तिकडून शिरते. आमच्या घरात अख्खं कणीस निखाऱ्यावर भाजत नाहीत ते यासाठीच. सोललेल्या पानांसकट अळी परसात सावलीला ठेवायची.

चार मध्यम कणसांचे तीनेक वाट्या दाणे निघतात. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी करायची. हळद घालून दाणे परतायचे. गाळलेल्या पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं आणि मंद आंचेवर आठ-दहा मिनिटं वाफ काढायची. दाणा दाताखाली मऊ लागला की मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. वरून सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. कांदा-लसणाची उणीव भासत नाही, कारण मक्याला स्वतःचा गोडवा आहे. आता हेच गॅसवर होतं, फक्त आंच आठवणीने कमी करावी लागते.

कणसं बाजारात भरतात ती नेमकी पोळ्याच्या सुमारास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, जाम नदीवर गोटमार असते. नदीत पळसाचं झाड रोवलेलं, अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा, आणि दोन्हीकडून दगड. दर वर्षी कितीतरी माणसं रक्तबंबाळ होतात, काही जीवही गेले आहेत. हाच दिवस श्वेतांबरांच्या पर्युषणात येतो, आणि चार दिवसांनी पंचमीला दिगंबरांचं दशलक्षण सुरू होतं. त्या दिवसांत हिरवी भाजी सोडणाऱ्या घरांत ऐन बहरातला मकाही बंद असतो. नदीवर दगड चालू असताना आत कणसातल्या अळीची काळजी करणारी बाई कोणाला भाबडी वाटेल. मला ती त्या दिवशी गावातली सर्वांत शहाणी वाटते.

पण आजचा प्रश्न तिच्याही पुढे गेला आहे. छिंदवाडा जिल्हा मक्यासाठी गाजतो. २०१८ मध्ये तिथे कॉर्न फेस्टिव्हल भरला. त्याच वर्षी मूळची अमेरिकेची लष्करी अळी आपल्या देशात कर्नाटकात प्रथम सापडली आणि पुढे राज्याराज्यांत पसरली. मका आला शतकांपूर्वी, त्याची अळी आत्ता आली. ती पोंगा खाते, कणसातही शिरते, म्हणून शेतात फवारणी वाढली. घरात एक अळी जपून परसात ठेवायची आणि शेतातल्या हजारोंकडे पाहायचंच नाही, हे दोन्ही एका ताटात कसं बसवायचं? शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं वर्षाचं पोट त्या पिकावर आहे. पण शोधण्याची सवय कढईपाशी थांबू नये, एवढं मला वाटतं. कणसं घेताना फवारणी कधी झाली, कशाची झाली, हे मी आता विचारते. काही विकणाऱ्या बाया हसतात, काही नीट सांगतात. दोन-तीन घरच्या बायका विचारू लागल्या की विकणारीही उत्तर तयार ठेवते.

नियम लावून पाहायचं काम आपल्या आज्या-पणज्यांनी मक्यासाठी केलं, कोणी न सांगता आणि कुठे नाव न लिहिता. ते काम संपलेलं नाही, आता ते आपल्याकडे आलं आहे. म्हणून एक करा. तुमच्या घरात मका कधीपासून शिजतो, तो शोधायला कोणी शिकवलं, कोणत्या तिथीला बंद असतो, हे घरातल्या वयस्क बाईला विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. पुस्तकात ते मिळणार नाही.