किरणांतून घडलेला भुईमूग: म्युटेशन पद्धतीने वाण कसे तयार होतात?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, कृष्णा-कोयनेच्या पाण्याखालील रानात उन्हाळी भुईमूग घेतला जातो. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरलेले हे पीक पावसाळा सुरू होण्याआधी निघावे लागते. काढणी लांबली आणि वळीव पडला, तर जमिनीतल्या शेंगांनाच मोड येतात. त्यामुळे इथे वाण लवकर तयार होणारा असणे महत्त्वाचे ठरते. असे काही वाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील उत्परिवर्तन, म्हणजेच म्युटेशन, संशोधनातून आले आहेत.

उत्परिवर्तन म्हणजे काय?

सजीवांच्या डीएनएमध्ये अचानक होणारा आणि पुढच्या पिढीत उतरणारा बदल म्हणजे उत्परिवर्तन. निसर्गात तो क्वचित होतो. क्ष-किरण, गॅमा किरण किंवा काही रसायने वापरून त्याचे प्रमाण वाढवता येते. क्ष-किरणांनी असे बदल होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर आणि त्यानंतर लुईस स्टॅडलर यांनी पिकांवर दाखवले.

शेंगवर्गीय पिकांत ही पद्धत का?

भुईमूग, उडीद, मूग, सोयाबीन यांच्या फुलांत मुख्यतः स्वपरागीभवन होते. फुले लहान व नाजूक असल्याने हाताने संकर करणे किचकट असते. लागवडीखालील भुईमुगात मुळातली विविधताही कमी आहे. उत्परिवर्तनामुळे निवडीसाठी नवी विविधता मिळते.

वाण कसा तयार होतो?

बियाण्यावर ठरावीक मात्रेत किरणे सोडतात. मात्रा फार झाली तर रोपे मरतात आणि कमी पडली तर बदल थोडेच मिळतात. पहिल्या पिढीत अनेक बदल झाकलेले राहतात, दुसऱ्या पिढीत ते दिसू लागतात. त्या वेळी हजारो झाडे तपासून बुटकी, लवकर येणारी किंवा मोठ्या दाण्याची झाडे वेगळी काढतात. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात. निवडलेला वंश काही पिढ्या वाढवून स्थिर करतात. मग तो थेट वाण म्हणून तपासतात किंवा दुसऱ्या वंशाशी त्याचा संकर करतात. अनेक ठिकाणच्या चाचण्यांनंतरच वाण प्रसारित होतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

- टीएजी-२४ (१९९१): ट्रॉम्बे आणि अकोला कृषी विद्यापीठाचा बुटका, उपट्या भुईमूग. उन्हाळ्यात साधारण ११० ते ११५ दिवसांत तयार होतो. उत्परिवर्तित वंशांच्या संकरातून निघाला.
- टीजी-२६ (१९९५): याच्या ताज्या दाण्यांत काही दिवसांची सुप्तावस्था असते, म्हणजे ते लगेच उगवत नाहीत. एरवी उपट्या भुईमुगात हा गुण सहसा नसतो.
- टीपीजी-४१ (२००४): ‘पी’ म्हणजे फुले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासोबत विकसित केलेला मोठ्या दाण्याचा वाण.
- टीएयू-१ (१९८५): उत्परिवर्तित वंशाचा ‘टी-९’शी संकर करून तयार केलेला उडदाचा वाण.

असे बियाणे किरणोत्सारी असते का?

नाही. गॅमा किरणे बियाण्यातून आरपार जातात, त्यात साठून राहत नाहीत. शेतकऱ्याच्या हाती येणारे बी तर त्या मूळ बियाण्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचे असते. हे वाण जीएमही नव्हेत, कारण दुसऱ्या जीवाचे जनुक त्यांत घातलेले नसते.

मर्यादा

कोणता बदल होईल, हे आधी ठरवता येत नाही, म्हणून निवडीला वर्षे लागतात. प्रसारित झालेला वाण शेतापर्यंत पोचणे हीदेखील अडचणच असते. भुईमुगाला हेक्टरी शंभर किलो किंवा त्याहून अधिक बी लागते आणि एका झाडापासून बी थोडेच वाढते. हे वाण संकरित नसल्याने शेतकरी घरचे बी पुन्हा पेरू शकतो, पण त्यामुळेच खासगी कंपन्यांना या बियाण्यात फारसा नफा दिसत नाही. म्हणून नव्या वाणाचा प्रसार कृषी विद्यापीठे, महाबीज आणि बीजोत्पादन करणारे शेतकरी यांच्यावरच मोठ्या प्रमाणात अवलंबून राहतो.