घोडा राजाचा, चित्र दोघांचं

लाहोर दरबारच्या काळातल्या घोड्यांच्या चित्रांची मांडणी ठरलेली असते. घोडा पूर्ण एका बाजूने दिसेल असा उभा, अंगावर जीन, झूल, दागिने, मागची जागा जवळजवळ मोकळी. आणि मानेपाशी लगाम धरलेला मोतद्दार. राजा बहुधा नसतोच. पागेतलं जनावर दाखवलं की धनी कळतो.

लाहोरचे शीख महाराज रणजितसिंह यांच्या बाबतीत तर हे फारच खरं होतं. १८३६ मध्ये लाहोरला आलेल्या बॅरन ह्यूगेल या ऑस्ट्रियन प्रवाशाने लैली पाहायची इच्छा बोलून दाखवली. पेशावरच्या बारकझाई सरदारांकडून हट्टाने मिळवलेला हा घोडा. तो साठ लाख रुपयांना आणि बारा हजार माणसांना पडला, असं महाराजांनी पाहुण्याला सांगितलं. आकड्यांत दरबारी फुशारकी असणारच. पण फुशारकी मारायला त्यांनी घोडा निवडला, हे पुरेसं बोलकं आहे.

चित्राचा हा साचा मात्र लाहोरचा नव्हे. १८०९ मध्ये कांगड्याचा किल्ला शिखांकडे गेला, मग डोंगरातली संस्थानंही, आणि पहाडी चितारी शीख सरदारांसाठी काम करू लागले. त्यांच्या घराण्यांत घोडे आधीपासूनच होते. गुलेरच्या नैनसुखने ते अठराव्या शतकात अतिशय जिवंत काढले आहेत. पहाडात ही तऱ्हा आली मुघलांकडून. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज्ल बादशाही तबेल्यात बारा हजार घोडे असल्याचं नोंदवतो. तिथला नोकरवर्ग वाचण्यासारखा आहे: दोन घोड्यांमागे एक सईस म्हणजे मोतद्दार, शिवाय नालबंद, वैद्य, पाणके, झाडूवाले, आणि दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा एक वेगळाच माणूस. चित्रात यातला बहुतेक एकटा सईसच उरतो.

मुघलांच्याही मागे इराण, आणि मंगोल राजवटीत इराणपर्यंत पोचलेली चिनी चित्रकला. चीनमध्ये हान गानने आठव्या शतकात बादशाही घोडे रंगवले. अकराव्या शतकात ली गोंगलिनने पाच घोडे काढले, प्रत्येकाजवळ त्याचा राखणदार. मंगोल दरबारात नोकरी केलेल्या झाओ मेंगफूचं ‘घोडा आणि मोतद्दार’ १२९६ चं आहे. तिथे या जोडीला आणखी एक अर्थ होता: उत्तम घोडा म्हणजे गुणी माणूस, आणि त्याची पारख करणारा म्हणजे चांगला राज्यकर्ता. माझ्या मते हा अर्थ वाटेतच कुठेतरी गळून पडला. हिंदुस्थानात मालकी उरली आणि जनावराचा डौल उरला.

तरी मोतद्दाराला वगळणं चिताऱ्याला परवडणारं नव्हतं. घोड्याची उंची कळायला शेजारी माणूस लागतो, ताणलेल्या लगामातून जनावराची रग कळते. शिवाय घोडा नमुन्याबरहुकूम काढावा लागे. माणसाच्या चेहऱ्यावर तसं बंधन कमी. कलकत्त्यात करैयाचा शेख मुहम्मद अमीर लाहोर दरबारच्याच सुमारास साहेबांचे घोडे रंगवत होता. त्याचे सईस पाहा, एकेकाची उभं राहायची ढब निराळी.

रणजितसिंहांचा घोडा आणि त्यांचं जवाहीर एकत्र दाखवणारं चित्र गव्हर्नर जनरलची बहीण एमिली ईडन हिने काढलं. ते १८४४ मध्ये लंडनला छापून निघालं, महाराज वारल्यानंतर पाच वर्षांनी. त्यानंतर पाच वर्षांत पंजाब खालसा झाला आणि तोशाखान्यातला बराचसा ऐवज लिलावात गेला. आश्रयदाते बदलले, तसे अमृतसरचे चितारी साहेब लोकांसाठी कारागिरांची छोटी चित्रं काढू लागले. त्यांत कामकरी माणूस एकटाच असे, शेजारी राजाचं काहीही नसताना.