विमानतळ सुरक्षा तपासणी
विमानात शस्त्र, स्फोटक वा धोकादायक पदार्थ जाऊ नये यासाठी प्रवासी व सामान यांची केली जाणारी सक्तीची तपासणी.

उगम : भारतात १० सप्टेंबर १९७६ च्या विमान अपहरणानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग स्थापन झाला. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातील १९८५ च्या स्फोटानंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला (पहा : विमान अपहरण). या विभागाचे नियम सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी-परुळे विमानतळालाही लागू आहेत. या विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले.

स्वरूप : प्रवासी धातुशोधक चौकटीतून जातो व त्याची अंगझडती होते. स्त्रियांची झडती स्त्री कर्मचारी आडोशाला घेतात. हातसामान क्ष-किरण यंत्रातून जाते. साध्या वाटणाऱ्या वस्तूही धोकादायक ठरू शकतात; उदाहरणार्थ, मालवण किनाऱ्यावर घरोघरी असणारे सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वयंज्वलनशील पदार्थांत मोडते (पहा : नारळ).

वैधता : तपासणीस विमान सुरक्षा नियमांचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यावरील निर्बंधास कायद्याचा आधार, वैध हेतू व प्रमाणबद्धता आवश्यक ठरते. देहचित्रण यंत्रे व चेहरा-ओळख यांवरील वाद याच कसोट्यांभोवती आहे (पहा : मूलभूत हक्क).

परिणामकारकता : तपासणीमुळे अपहरणास प्रतिबंध होतो, असे समर्थक मानतात. अमेरिकेत २०१५ मध्ये उघड झालेल्या गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा निषिद्ध वस्तू सुटल्या. टीकाकार याचा दाखला देतात.

महत्त्व : सार्वजनिक सुरक्षा आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या मर्यादा ठरवणारे हे दैनंदिन व्यवहारातील क्षेत्र आहे.