पहिली चूक भोपळ्यावर



लेकीबाळी अंगणात भातुकली मांडतात. चिंध्यांच्या बाहुलीला न्हाऊ घालतात, दुपट्यात गुंडाळतात. आपण कौतुकानं हसतो. पण या खेळाशी नातं सांगणारं एक जुनं शहाणपण वैद्यकविद्येत आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय पाहा. त्याचं नाव ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे सराव. शिष्य सारं शास्त्र पढला, पण हाताला सराव नसेल तर तो कामाला अपात्र, असं तिथं बजावलं आहे. मग सराव कशावर करायचा? छेद घ्यायला कोहळा, भोपळा, टरबूज, काकडी. शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर, नाहीतर कमळाचा देठ. टाके घालायला जाड कापड. पट्टी बांधायला कापडी पुतळा. अन् व्यवसायात पाऊल कसं टाकावं, हे सांगणारा अध्याय येतो तो यानंतर, दहावा! पहिली चूक भोपळ्यावर व्हावी, माणसावर नव्हे, हा बोध त्या क्रमातच आहे.

फ्रान्समध्ये १७५९ साली राजा पंधरावा लुई यानं अँजेलिक द्यु कुद्रे या सुईणीला देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली. कापड-चामड्याचा स्त्रीदेह आणि बाहुलीचं बाळ घेऊन तिनं खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवलं. पुढं १९६० साली नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंड लेरडाल यांनी तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली केली. आता तर संगणकाच्या पडद्यावर रोगी उभा राहतो. शिकणाऱ्याचा निर्णय चुकला तर तो रोगी दगावतो, पण कुणाचं घर उघडं पडत नाही. डाव पुन्हा मांडता येतो.

आपल्याकडं २००५ साली आशा योजना सुरू झाली. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याचं काम आशाताईंकडं आलं. जिंतूरकडच्या एखाद्या तांड्यावर रात्री बाळ गारठलं, तर पुस्तक उघडायला सवड कुठली? तिथं सरावलेला हातच कामाला येतो. बाहुली रडत नाही, घाबरत नाही, हे खरं. म्हणून बाहुलीनंतर जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकणं हवंच.

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेतही असा खेळ मांडून पाहा. एक मुलगा साप चावलेला शेतकरी. बाकीच्यांनी त्याला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, जखम कापायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. चावलेला भाग न हलवता त्याला थेट दवाखान्यात पोचवायचं. खेळात चुकलेलं मूल हसेल अन् शिकेल. शेतातल्या बांधावर मात चुकायला दुसरा डाव नसतो.