शेख महंमद

शेख महंमद : (सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध – सतराव्या शतकाचा मध्य). मराठी संतकवी व अभंगकार, ‘योगसंग्राम’ या ओवीबद्ध ग्रंथाचे कर्ते. मूळ गाव वाहिरा (तालुका आष्टी, जिल्हा बीड), कर्मभूमी श्रीगोंदे (जिल्हा अहिल्यानगर). घर मुसलमानाचे, गुरुपरंपरा कादरी सूफींची, आणि रचना मराठी ओवी-अभंगांत व दखनी बोलीत. एकनाथांच्या उत्तरकाळापासून तुकारामांच्या काळापर्यंत त्यांचे आयुष्य पसरलेले आहे. ज्ञानेश्वरांचा अवतार एकनाथ, नामदेवांचा तुकाराम आणि कबीरांचा शेख महंमद, असे वारकरी परंपरा मानते. या एका समजुतीवरूनच मराठी मनाने त्यांना कुठल्या पंक्तीत बसवले हे कळते.

वडिलांचे नाव राजे महंमद आणि आईचे फुलाई. काही अभ्यासक या घराण्याचा संबंध धारूरशी जोडतात. वाहिऱ्यात मात्र ते गावचेच मानले जातात आणि तिथे त्यांचे मंदिर आहे. वाहिरा आणि श्रीगोंदे ही गावे आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत आणि वेगवेगळ्या महसुली विभागांत येतात. शेख महंमदांच्या काळी मात्र हा सारा अहमदनगरच्या निजामशाहीचा मुलूख होता आणि आष्टीचा माणूस नगरकडे सहज उतरत असे. पुढे आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेली, ती १९४८ पर्यंत. श्रीगोंदे त्या संस्थानाबाहेर राहिले, आणि मधल्या या सरहद्दीने कवीची ओळखही विभागली. ‘श्रीगोंदेकर’ हे उपपद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आणि वाहिऱ्याचा उल्लेख मागे पडला. बीड जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात मुकुंदराज आणि दासोपंत या आंबेजोगाईच्या कवींचा जेवढा गौरव होतो, तेवढा आष्टीच्या या कवीचा होत नाही. तो व्हायला हवा.

बालपणाविषयी वारकऱ्यांत एक कथा सांगतात. घरच्या रिवाजाप्रमाणे बकरे कापण्याची वेळ आली तेव्हा मुलाने सुरीची धार आधी स्वतःच्या बोटावर चालवली, वेदना जाणली आणि सुरी टाकून दिली. ही कथा इतिहास म्हणून तपासता येत नाही. पण शेख महंमदांच्या कवितेत बळी देण्याच्या प्रथेवर जो तीव्र राग पुन्हा पुन्हा उसळतो, तो वाचल्यावर लोकांनी ही कथा नेमकी याच कवीभोवती का गुंफली ते समजते.

त्यांचे गुरू चांद बोधले हे देवगिरी म्हणजे दौलताबादचे कादरी सूफी. देवगिरीचे किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे याच चांद बोधल्यांचे शिष्य होते, अशी मांडणी संशोधक रा. चिं. ढेरे यांनी केली. ती मान्य केली तर शेख महंमद आणि जनार्दनस्वामी गुरुबंधू ठरतात, आणि एकनाथांची भागवत परंपरा व शेख महंमदांची कविता एकाच ठिकाणाहून निघालेली दिसते. कादरी परंपरा बाराव्या शतकातील बगदादच्या अब्दुल कादिर जिलानी यांच्या नावाने चालते. अरबी प्रदेशातून निघालेली ही परंपरा दख्खनमध्ये आली तेव्हा तिला इथे नामसंकीर्तनाची जुनी वहिवाट तयार मिळाली. सूफींचा जिक्र आणि वारकऱ्यांचे नामस्मरण या दोन्हींत ईश्वराचे नाव आवर्तनाने घेत राहायचे असते. शेख महंमदांना या दोन रीतींमध्ये पूल बांधावा लागला नाही. एकाच साधनेची ही दोन नावे आहेत, अशा सहजतेने ते लिहितात.

वाहिऱ्याहून श्रीगोंद्याला ते कसे आले याचे उत्तर भोसले घराण्याच्या इतिहासात मिळते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते आणि सूफी साधूंवर त्यांची श्रद्धा होती. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, हे प्रसिद्धच आहे. त्याच मालोजींनी शेख महंमदांना गुरू मानून श्रीगोंद्यात, तेव्हाच्या चांभारगोंद्यात, मठासाठी जागा आणि इनाम दिले. याच मठात त्यांचे उरलेले आयुष्य गेले. ग्रंथरचना इथेच झाली आणि समाधीही इथेच आहे.

‘योगसंग्राम’ शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली पुरा झाला. त्याचे अठरा प्रसंग, म्हणजे अध्याय, आहेत. नावाप्रमाणे हा एक संग्राम आहे, पण रणांगण माणसाच्या आत आहे. अहंकार, काम, क्रोध यांच्या फौजांशी साधकाने लढायचे आहे. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या लढायांत हा प्रदेश होरपळून निघाल्यानंतर हे रूपक पुरे झाले. ऐकणाऱ्यांत स्वतः घोड्यावर बसणारे आणि फौजांच्या वाटेवर शेती करणारे असे दोन्ही प्रकारचे लोक होते. त्यांना युद्धाची भाषा समजावून सांगावी लागत नव्हती. ग्रंथात योगमार्गाचा तपशील पुष्कळ आहे आणि काही प्रसंग आजच्या वाचकाला जड जातात. पण निरूपण सोडून कवी भोवतालच्या लोकांकडे वळतो तेव्हा ओवीला वेग येतो. पैसे घेऊन उपदेश देणारे गुरू, नवस फेडायला बोकड कापणारे भक्त, जातीचा ताठा मिरवणारे पंडित आणि कर्मकांडात अडकलेले मुल्ला, यांतल्या कोणालाच तो सोडत नाही. ‘निष्कलंक प्रबोध’ या ग्रंथातही हाच परखडपणा आहे, तर ‘पवनविजय’ श्वासाच्या साधनेविषयी आहे.

तरीही लोकांच्या ओठी राहिले ते त्यांचे अभंग. अभंग ही मुळात गाण्याची रचना आहे. लहान चरण, यमकाचा ठेका आणि शेवटी कवीची नाममुद्रा, यामुळे तो टाळ-मृदंग आणि वीणेवर चटकन बसतो आणि निरक्षर माणसाच्याही पाठ होतो. शेख महंमदांनी या साच्यात स्वतःचा जन्म लपवला नाही. आपण अविंध, म्हणजे मुसलमान, असूनही हृदयात गोविंद आहे, असे सांगणारा त्यांचा अभंग सर्वांत प्रसिद्ध आहे. काटेरी केतकीच्या पोटी केवडा जन्मतो, फणस वरून काटेरी असला तरी आत गोड असतो, नारळ कठीण असला तरी आत पाणी असते, अशा घरगुती दाखल्यांनी ते आपला मुद्दा मांडतात. मला या अभंगात सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा सूर. त्यात आर्जव नाही आणि आव्हानही नाही. आपले स्थान ठाऊक असलेल्या माणसाचे ते शांत बोलणे आहे.

संतचरित्रकार महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त त्यांचे चरित्र गायिले. देहूत तुकारामांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली आणि श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी ती हातांनी विझवली, ही आख्यायिका तिथलीच. दोन समकालीन कवींमधला जिव्हाळा लोकांनी अशा चमत्काराच्या रूपाने जपला. शेख महंमदांच्या मागून मराठीत मुसलमान संतकवींची रचना चालू राहिली. ‘अंबरहुसेनी’ ही गीताटीका लिहिणारे हुसेन अंबरखान आणि ‘सिद्धान्तबोध’कर्ते शहा मुनी ही त्यांतली ठळक नावे. शहा मुनींचे पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातच आहे.

आधुनिक काळात शेख महंमदांचा अभ्यास वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे उभा राहिला. इतिहाससंशोधक असलेल्या बेंद्रे यांनी मठाची कागदपत्रे आणि हस्तलिखिते मिळवली आणि १९६१ मध्ये शेख महंमदांचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. ढेरे यांच्या ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकाने त्यांना व्यापक परंपरेत ठेवून पाहिले. अलीकडे श्रीगोंद्याचे स्थान मंदिर म्हणावे की दर्गा, आणि त्याचा ताबा कोणाकडे असावा, यावरून वाद पेटले. त्या वादात दोन्ही बाजूंना कवीचे नाव हवे असते; ‘योगसंग्राम’ मात्र क्वचितच उघडला जातो. ऐक्याच्या भाषणांतही त्यांचा उपयोग असाच होतो. शेख महंमद हे प्रतीक होण्याआधी कवी आहेत, आणि एकनाथ व तुकाराम यांच्या मधल्या काळातील मराठी कवितेचा कोणताही इतिहास त्यांना वगळून लिहिला तर तो अपुरा राहतो.