चिलटाच्या मेंदूतलं घड्याळ: मूठभर पेशी दिवस कसा ठरवतात?

केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती लाल डोळ्यांची बारीक चिलटं घोंगावू लागतात. त्यांचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. मराठी पुस्तकांत त्यांना फळमाशी म्हणतात, पण आंबा किंवा काकडी नासवणारी, शेतकऱ्यांच्या ओळखीची फळमाशी वेगळी आणि आकाराने मोठी. तिचा इथे संबंध नाही.

आपली ही माशी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, पण तिला वेळ कळते. उजाडायच्या आधीच ती हालचाल सुरू करते, दुपारी स्वस्थ बसते आणि अंधार पडायच्या आधी पुन्हा तिची धावपळ सुरू होते. यातला 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. उजेड पडल्यावर जाग आली तर त्यात नवल नाही, पण उजेड येणार हे अगोदर कळायला शरीराच्या आत घड्याळ असावं लागतं.

हे तपासायची पद्धत अगदी साधी आहे. काचेच्या बारीक नळीत एक माशी ठेवायची, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, मधून इन्फ्रारेड किरण. माशीने किरण ओलांडला की कॉम्प्युटरमध्ये नोंद होते. मग दिवे बंद करून टाकायचे. पूर्ण अंधारातही कित्येक दिवस माशीचा क्रम साधारण २४ तासांनी फिरत राहतो.

१९७१ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांना तीन विचित्र माश्या सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. तिन्हींमधला बिघाड एकाच जनुकात होता! त्या जनुकाला 'पिरियड' हे नाव मिळालं. (याच बेन्झर यांच्यासोबत माश्यांवर काम केलेल्या ओबैद सिद्दिकी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे क्षेत्र उभं केलं.)

पिरियड करतं काय? पेशीत दिवसाच्या शेवटाकडे हे जनुक जोरात चालू असतं. त्यापासून बनलेलं प्रथिन 'टाइमलेस' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतं. रात्री ही जोडी पेशीकेंद्रात शिरते आणि स्वतःच्याच जनुकांचं काम थांबवते. हळूहळू प्रथिनं मोडतात, बंदी उठते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका फेरीला सुमारे २४ तास लागतात. उजेडात टाइमलेस लवकर मोडतं, म्हणून घड्याळ रोज सूर्याशी जुळवून घेतं. या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेक लेख इथेच थांबतात, पण खरी गंमत याच्या पुढे आहे.

घड्याळ एक नाही, अनेक

माशीच्या मेंदूत लाखाहून जास्त चेतापेशी आहेत. त्यांपैकी घड्याळाच्या पेशी कितीतरी वर्षं सुमारे दीडशे मानल्या जात होत्या; मेंदूचा पूर्ण नकाशा हाती आल्यावर आकडा २४० च्या आसपास गेला. या सगळ्यांचं काम सारखं नाही. २००४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं, की काही पेशी सकाळच्या हालचालीची तयारी करतात आणि काही संध्याकाळच्या. सकाळच्या पेशी मारून टाकल्या, तर माशी संध्याकाळी वेळेवर उठते, पण पहाटेची चाहूल तिला लागत नाही. संध्याकाळच्या पेशी मारल्या तर नेमकं उलटं.

सकाळच्या पेशी म्हणजे मेंदूच्या प्रत्येक बाजूला फक्त चार छोट्या पेशी. त्या 'पीडीएफ' नावाचं एक रसायन सोडतात. फाइलवाल्या पीडीएफशी याचा काही संबंध नाही. हे नाव खेकडा-कोळंबीच्या वर्गातून आलं, तिथे असंच रसायन रंगद्रव्य पसरवतं. माशीत मात्र ते निरोप्याचं काम करतं. पीडीएफ नसलेल्या माश्या अंधारात ठेवल्या, तर एक-दोन दिवस ठीक चालतात आणि मग बहुतेकींचा ताल विस्कटतो. पेशींच्या आत डोकावलं तर घड्याळं बंद पडलेली नसतात, चालूच असतात! फक्त प्रत्येक पेशी आपापल्या वेळेने चालते, एकमेकींशी जुळत नाही. भिंतीवर दहा घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ, तसा प्रकार.

आता प्रश्न असा, की प्रथिनांच्या फेऱ्यांवरून माशीच्या पायांना चालायचा हुकूम कसा पोचतो? इथे वीज येते. घड्याळ पेशीच्या पडद्यावरचे प्रवाह बदलतं. २०१५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने काही घड्याळ-पेशींत पाहिलं, की सकाळी सोडियमचा गळता प्रवाह वाढतो, त्यामुळे पेशी जागी होऊन संदेश सोडू लागते. संध्याकाळी पोटॅशियमचा प्रवाह जोर धरतो आणि तिला शांत करतो. सायकलचे दोन पेडल जसे आलटून पालटून खाली जातात, तसं. हीच रचना उंदरांच्या मेंदूतही आढळली.

माणसात हे काम डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या अगदी वर बसलेल्या सुमारे २०,००० पेशी करतात. रसायन वेगळं, पण पेशींचा ताल जुळवून ठेवण्याची पद्धत तीच. आणि पिरियड जनुकाची भावंडंही आपल्यात आहेत. काही कुटुंबांत लोकांना संध्याकाळी साडेसात-आठलाच डोळे उघडे ठेवता येत नाहीत आणि पहाटे चार-साडेचारला टक्क जाग येते. घरचे त्याला सवय म्हणतात. अशाच एका कुटुंबाची २००१ मध्ये तपासणी झाली, तेव्हा 'पिरियड २' या जनुकात बदल सापडला. त्यामुळे प्रथिनातला एकच दुवा बदलला होता.