टोपलीचं झाकण

गोरेगावच्या इतिहासात सापाला मानाचं पान आहे, असं म्हटलं तर कुणाला हसू येईल. पण बघा. १९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट आला. तो काढणाऱ्या फिल्मिस्तानचा स्टुडिओ आमच्या गोरेगाव पश्चिमेला, जुन्या घोडबंदर रोडवर, म्हणजे आजच्या एस. व्ही. रोडवर होता. २०२५ साली तो एका बांधकाम कंपनीला विकला गेला. त्या चित्रपटात वैजयंतीमाला नाचली, हेमंतकुमारांनी संगीत दिलं आणि बिनेचा एक सूर देशभर गल्लोगल्ली घुमला. गंमत अशी की तो सूर भोपळ्याच्या पुंगीतून निघालाच नव्हता. पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या कल्याणजींनी तो क्लाव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवला, आणि जोडीला हार्मोनियमवर होते रवी. बीन खोटी, नागीण खोटी, पण त्या दोन खोट्यांनी मिळून आपल्या मनात जो साप बसवला, तो आजही खऱ्या सापाला आत येऊ देत नाही.

खरा साप पुंगीच्या सुरावर डोलत नाही. त्याला बाहेरचा कान नाही. जमिनीतून येणारी थरथर त्याला कळते, आणि हवेतले काही खालचे आवाजही तो टिपतो, असं ऑस्ट्रेलियातल्या २०२३ च्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे तो अगदीच बहिरा नाही. पण गारुड्यासमोर तो डोलतो ते समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

आज मला सापाबद्दल बोलायचं आहेच, पण त्याहून जास्त बोलायचं आहे ते त्याच्या झाकणाबद्दल. माणसानं साप कशात ठेवला, कसा कोंडला आणि तो निसटला तेव्हा काय केलं, याचाही एक इतिहास आहे. त्यातली बरीच प्रकरणं मुंबईत घडली.

पहिलं झाकण गारुड्याच्या टोपलीचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी शाळेत असताना, नागपंचमीच्या आसपास आमच्या चाळीत गारुडी यायचा. बांबूची चपटी, गोल टोपली, शेणानं सारवलेली, वर तसंच झाकण आणि त्यावरून आवळून बांधलेलं फडकं. आम्हा पोरांचं लक्ष नागाकडे असायचं. माझ्या अब्बांचं लक्ष त्या गाठीकडे. खेळ संपला की गारुडी आधी नाग आत घालायचा, झाकण लावायचा, गाठ मारायचा, ती ओढून बघायचा आणि मगच पैशांसाठी हात पुढे करायचा. पोटासाठी आलेला माणूस, पण पैशाआधी गाठ. अब्बा म्हणायचे, बाकी काही शिकला नाहीस तरी चालेल, एवढं शीक.

याचा अर्थ गारुडी सापाचा मित्र होता असा मात्र नव्हे. नागाचे विषदंत उपटलेले असत, पुष्कळदा तोंडही दोऱ्यानं शिवलेलं असे. साप दूध पीत नाही. तहानेनं व्याकूळ ठेवलेला नाग दुधात तोंड घालतो आणि आपण हात जोडतो. शिवाय उपटलेल्या दाताच्या जागी पुन्हा दात येतो, त्यामुळे असा नाग निसटला तर तो बिनविषारी समजणं ही जिवावरची चूक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापाचा खेळ बेकायदा ठरवला. तो गल्लीतून खरोखर नाहीसा व्हायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली.

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. माझी दादी तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव तोंडातून काढू द्यायची नाही. ‘लांबडं’ म्हणायचं किंवा नुसतं ‘जनावर’. शेजारच्या हिंदू घरांतही हाच रिवाज. सापाच्या बाबतीत आमच्या आळीत धर्म एकच होता. या भीतीला कारण होतं. तिकडे फुरसं फार. वीतभर, हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसणारं आणि अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं फुरशांवर बक्षीस लावलं, तेव्हा लोकांनी ती हजारोंनी मारून कचेरीत आणली. बक्षिसाच्या लोभानं दिल्लीकर घरात नाग पाळू लागले आणि बक्षीस बंद होताच त्यांनी ते मोकळे सोडले, अशी एक गोष्ट अर्थशास्त्राचे प्राध्यापक रंगवून सांगतात. पुरावा मात्र कुणी पुढे करत नाही. गोष्ट चांगली आहे, म्हणून जगली असावी.

सापाकडे शांतपणे बघायला आपण शिकलो ते थोडं उशिरा. १८८३ च्या सप्टेंबरात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. लवकरच संस्थेचा संसार फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत हलला. या फिप्सन साहेबांनी १८८७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या विषारी सापांवर लेख लिहिला. मद्याचा व्यापारी आणि विषाचा अभ्यासक! शायराला यापेक्षा जास्त काय हवं?

मग परळ. १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. इथे साप पाळले गेले ते विषासाठी. विषाची अगदी थोडी थोडी मात्रा घोड्याला टोचत जायची, त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्यं वेगळी काढायची, त्यातून सर्पदंशावरचं औषध. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं ते औषध. हाफकिनमधल्या डॉ. पी. जे. देवरसांचं भारतीय सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९६५ मध्ये काढलं. कित्येक सर्पमित्रांची सुरुवात त्या पुस्तकापासून झाली. असे साप ठेवायचे तर शिरस्ता हवा तो असा: दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, रोज मोजदाद, आणि आकडा एकनं जरी चुकला तरी सगळं काम बंद. गारुड्याची गाठ इथे वहीत आली.

१९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा झाकण उलटं झालं. माणूस आत आणि गर्दी बाहेर. ‘साप उगाच चावत नाही’ हे सांगायला त्यांना अख्खा देह पणाला लावावा लागला. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

आता पुन्हा गोरेगावात येऊ. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत झाली आणि शहरातल्या गोठ्यांमधल्या म्हशी इकडे आल्या. म्हशी आल्या म्हणजे पेंड आली, पेंडीमागे उंदीर आणि उंदरांमागे धामण आणि नाग. साप जंगलात होतेच, त्यांचं ताट आपण वाढलं. नंतर वस्ती जंगलाला भिडली. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे घरात साप निघाला ही बातमी होत नाही. सर्वांत जास्त येतो तो कवड्या. हा बिनविषारी, पाली खायला भिंतीवर चढणारा. पण त्याच्या अंगावरचे पट्टे बघून लोक त्याला मण्यार समजून ठेचतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, आणि मानेपासून जरा अंतर सोडून सुरू होतात. हे वाचायला सोपं आहे, पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात नाही. म्हणून अनोळखी सापाला हात कुणीच लावू नये. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आणि आता नवीन टोपली. काचेची. तिच्यात आपला साप नसतो, कारण भारतातला कुठलाही साप घरात पाळणं गुन्हा आहे. तिच्यात असतो आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. हे येतात कुठून? २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमधून असे अकरा साप निघाले. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाकडे सत्तेचाळीस विषारी साप सापडले. इंडोनेशियातले वगैरे. हे ऐकून मला परळचे घोडे आठवले. आपलं औषध आपल्या चार सापांचं. त्या सत्तेचाळिसांपैकी एक जरी एखाद्या बिल्डिंगमध्ये निसटून कुणाला चावला असता, तर केईएमच्या डॉक्टरांनी बाटली कुठली फोडायची?

कायदा आता मागून धावतो आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आलं आणि २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका कॉलेजच्या मुलाचा बॉल पायथन हरवला होता. बिनविषारी, हातभर लांब. मुलानं तीन दिवस कुणाला सांगितलं नाही, घरच्यांनाही नाही. दुसऱ्या रात्री वॉचमननं जिन्यात एक कवड्या मारला आणि बातमी पसरली ती ‘मण्यार निघाली’ अशी. तिसऱ्या दिवशी मुलगा रडत खाली आला, तेव्हा दुसरीच पंचाईत झाली. आता मुलंच म्हणू लागली, अरे, हा दादाचा साप, काही करत नाही! ज्या इमारतीच्या मागच्या अंगाला दर पावसाळ्यात घोणस निघते, तिथे लहान मुलांनी कुठल्याही सापाला ‘दादाचा’ समजणं, याची मला त्या वॉचमनच्या काठीपेक्षा जास्त भीती वाटली.

एक सर्पमित्र आला. त्यानं धावपळ केली नाही. आधी खोल्यांची दारं लावली, फटींत पंचे कोंबले, मोरीच्या जाळीवर पाट ठेवून त्यावर पाण्याची बादली ठेवली. म्हणाला, हा दूर गेलेला नाही. निसटलेला साप भिंतीच्या कडेकडेनं सरकतो आणि पहिली अंधारी, अरुंद, उबदार जागा गाठतो. दिवसा शोधून थकायचं नाही, तो रात्री हलेल. फ्रिजची मागची बाजू, वॉशिंग मशीनची पोकळी (बघितल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही), दिवाणाचा कप्पा, सोफ्याच्या खालचं फाटलेलं कापड, गाद्यांची वळकटी, चपलांचं कपाट, हे सगळं त्यानं बॅटरीनं पाहिलं. मग प्रत्येक उंबऱ्यावर गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढली आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. पहाटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पिठात बोटभर रुंद सरळ पट्टा उमटला होता. साप फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या उबेला गुंडाळून बसला होता. आदल्या रात्री तो तिथे नव्हता. मुलाच्या आईनं पिठाची रेघ पुसली, पण फ्रिजला हात लावायला तिला दोन दिवस लागले.

हे तीन दिवसांचं मौन काही आमच्याच इमारतीचं नाही. अमेरिकेत रॅली या शहरात २०२१ च्या जूनमध्ये एका घराच्या ओसरीवर आफ्रिकेतला विषारी झेब्रा कोब्रा दिसला. नंतर उघड झालं की तो आदल्या नोव्हेंबरपासूनच मालकाकडून निसटलेला होता, आणि मालक गप्प होता. कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावात तर २०१३ च्या ऑगस्टमध्ये प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात ठेवलेला मोठा अजगर हवेच्या नळीतून निसटला आणि त्याच घरात झोपलेली दोन मुलं गेली. एक चार वर्षांचा, एक सहा. तिथे काच फुटली नव्हती. माणसानं दार म्हणून मोजलंच नाही, अशी ती वाट होती.

साप जिथून डोकं घालू शकतो तिथून बहुधा तो सगळाच जातो. काचेच्या पेटीचं सरकतं झाकण त्याला नाकानं ढकलता येतं, वर पुस्तकं ठेवून ते भागत नाही. खिट्टी हवी, तीही दोन्ही बाजूंनी. दिव्याची वायर आत जाते ते भोक बुजवायला हवं. पेटी ज्या खोलीत आहे तिच्या दाराखालची फट आणि मोरीची जाळीही पेटीचाच भाग समजायला हवी. आणि साप दिसला नाही, तर त्याच संध्याकाळी त्याचा फोटो घेऊन प्रत्येक मजल्यावर जायचं. लोक ओरडतील, सोसायटी नोटीस देईल, आणि नोंदणी नसेल तर वन विभागही विचारील. तरी जायचं.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. साप त्यानं नंतर वन विभागाच्या स्वाधीन केला. रिकामी पेटी अजून त्यांच्या गॅलरीत आहे, तिच्यात त्याच्या आईनं कढीपत्ता लावला आहे.